डोंगराचे दहा फोटो

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. मधे भिंत नव्हती, एक पडदा होता. मुखेडच्या बाजारगल्लीतल्या त्या पडद्यावर बर्फाचे डोंगर रंगवलेले होते, डोंगरामागं मावळणारा लालभडक सूर्य, पुढं तळं आणि तळ्यात दोन हंस, जे आम्हा भावंडांना कायम बदकंच वाटले. हैदराबादच्या एका पेंटरकडून वडिलांनी तो करवून आणला होता. लग्न ठरायच्या मुली, भरतीला निघालेली पोरं, नवी जोडपी, सगळा तालुका त्या बर्फापुढं ताठ बसून गेला. पडद्याच्या अलीकडं आण्णा, म्हणजे माझे वडील, ‘हनुवटी खाली, जरा खाली’ म्हणत असायचे आणि पलीकडं आई भाकरी थापत असायची. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. भाकरीचा थपथप आवाज ऐकत लोक फोटोला बसायचे. हे कुठलं ठिकाण हाय मास्तर, असं एखाद्यानं विचारलं की आण्णा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, आमच्या सैपाकघराच्या अलीकडचं.

घराला एक वास होता, तो मला अजून येतो. फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास, त्यात अव्वाच्या लसणाच्या फोडणीचा, आणि सकाळी आण्णा कपाळाला लावत त्या विभूतीचा. रंगीत रोल आले तसं धुण्याचं काम नांदेडच्या लॅबकडं गेलं. रोल एस.टी.नं पाठवायचा, चार दिवसांनी पार्सल यायचं. तरी औषधाचा वास भिंतीतून गेला नाही. आवाजांत मला सगळ्यात जास्त आठवतो तो फ्लॅशचा. बटण सुरू केलं की तो बारीक सुरात किणकिणत चढत जायचा आणि लाल ठिपका पेटला की थांबायचा. लहानपणी झोपेतसुद्धा मी तो ओळखायचो.

त्या फ्लॅशची एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लग्नात माणसं फोटोवाल्याला सोडत नाहीत. नवरदेवाचा मित्र, मित्राचा मेहुणा, मेहुण्याच्या गावचे चार जण, सगळ्यांना नवरीशेजारी उभं राहायचं असतं. रोल छत्तीसचा. म्हणून सगळेच फोटोवाले एक युक्ती करायचे. फ्लॅशच्या मागं तपासणीचं एक बारीक बटण असतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि अंगठ्यानं नुसतं ते बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, माणसं समाधानानं जेवायला जातात, रोल जागचा हलत नाही. आमच्याकडं रिकाम्याला खाली म्हणतात, म्हणून याचं नाव खाली फ्लॅश. आण्णांनी मला तो शिकवला तेव्हा मी नववीत होतो. हसत शिकवला. मीही हसत शिकलो.

दुसरं काम होतं ते मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. आमच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळावर, दंडावर विभूतीचे पट्टे ओढतात, डोक्याला पटका बांधतात, आणि तसंच बसलेलं समाधीत ठेवतात. उचलायच्या आधी घरचे भोवती बसून फोटो काढून घेतात. कित्येकांचा तो आयुष्यातला पहिलाच फोटो असायचा. या कामाला आण्णा अंघोळ करून जायचे, पायातली चप्पल गल्लीच्या तोंडाशी काढायचे आणि चार फोटो काढायचे. एक बिघडला तर दुसरा असावा, दुसरा बिघडला तर तिसरा. लग्नाचा फोटो हुकला तर जोडप्याला परत उभं करता येतं, असं ते म्हणायचे. पुढचं वाक्य ते बोलत नसत.

मी एकोणीस वर्षांचा होतो. येळवशीचा दुसरा दिवस होता. येळवस म्हणजे आमच्या भागातला शेतातला सण, सगळं गाव रानात जेवतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी तेच शिळं अन्न असतं आणि ते आदल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. अव्वानं भज्जी, म्हणजे पालेभाज्या-शेंगांची सणाची मिसळभाजी, परत गरम केली होती, बाजरीचे उंडे होते, मडक्यात आंबील होती. आण्णा मात्र आडवे पडून होते, रानात भांडी उचलताना त्यांची कंबर धरली होती. दुपारी एक माणूस आला. डोंगरापलीकडच्या, लातूर जिल्ह्यात मोडणाऱ्या एका गावचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याचे चुलते पहाटे गेले होते. वय झालेलं, ऐंशीच्या पुढं. त्यांची एकुलती मुलगी महानंदाअक्का निरोप मिळताच सासरहून निघाली होती आणि तिनं वाटेतूनच सांगून पाठवलं होतं की फोटो झाल्याशिवाय अप्पांना उचलायचं नाही. एवढं सांगून तो माणूस बेल-फुलं घ्यायला बाजारात गेला. दिवस मावळायच्या आत या, म्हणाला.

आण्णांनी मला हाक मारली. कॅमेऱ्यात अर्धवट रोल होता, सव्वीस झालेले. नवे रोल नांदेडहून यायचे होते. “दहा हायत,” ते म्हणाले. “चार तिथं काढ, बाकीचे परवाच्या बारशाला ठेव. अन् चप्पल गल्लीच्या तोंडाशी काढ.” मी कॅमेरा गळ्यात घातला. तोवर मी फक्त उजेडाची छत्री धरणारा आणि पिशवी उचलणारा होतो, एकट्याच्या हाती कॅमेरा पहिल्यांदाच आला होता. अव्वानं उंडे आणि भज्जी फडक्यात बांधून दिली, आंबिलीची बाटली दिली. मयताच्या घरी कोण जेवायला वाढणार, म्हणाली.

तिकडं जायचा रस्ता बालाघाटाची एक सोंड चढून जातो. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला डोंगर म्हणणार नाही. पण आम्हाला तो डोंगरच होता. आमची जुनी मोपेड अर्ध्या चढावर तापायची आणि माथ्यावर तिला थांबवावंच लागायचं. मी ती पळसाच्या बुंध्याला टेकवली. सूर्य अजून हातभर वर होता. खाली उताराच्या पायथ्याशी तेच गाव दिसत होतं, धुराची एक पट्टी त्याच्यावर आडवी पडली होती. उतरायला वीस मिनिटं लागली असती. वेळ आहे, असं मी स्वतःशी म्हणालो. फडकं सोडून उंडे खाल्ले, आंबील प्यालो. थंडी होती, जिऱ्या-लसणाची ती आंबट चव घशाखाली उतरत होती आणि वारा पूर्ण पडला होता. मला फार बरं वाटलं. मयताला निघालेल्या माणसाला इतकं बरं वाटावं का, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

मग समोरच्या टेकड्या एकामागं एक निळ्या होत गेल्या. पहिली काळपट, तिच्यामागची जांभळी, त्यामागची धुरकट, आणि सगळ्यांच्या वर तो लाल गोळा. आमच्या पडद्यावर होतं तसंच, फक्त बर्फ नव्हता आणि बदकं नव्हती. जन्मल्यापासून ज्या खोट्या डोंगरापुढं मी माणसं बसलेली पाहिली तो खरा डोंगर समोर होता आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता. एक काढू, म्हटलं. एक काढला. बारशाचे सहा होते, त्यातला एक गेला तर काय होतं. मग पळसाची फांदी मधे घेऊन एक. मग सूर्य टेकडीला टेकला तो एक. एकेका फोटोसाठी मी जागा बदलत होतो, गुडघ्यावर बसत होतो, श्वास रोखत होतो. कुठल्याही माणसाचा फोटो मी तोवर इतक्या मनापासून पाहिलेला नव्हता. बारशाचे सहा संपले तेव्हा मला कळलं होतं की ते संपले. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की भान राहिलं नाही. भान होतं. सातवा काढताना मी म्हटलं, तिथं तीन पुरतील. आठव्याला म्हटलं दोन, नवव्याला म्हटलं एक.

सूर्य गेल्यावर मी कॅमेरा कव्हरात घातला होता. मोपेडला किकही मारली. तेवढ्यात टेकड्यांमागून सगळं आकाश पेटल्यासारखं झालं, सूर्य गेल्यानंतरच खरा रंग येतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाली गावात दिवे लागत होते आणि त्यांत एक दिवा बाकीच्यांपेक्षा मोठा, पांढराशुभ्र होता. मी दहावा फोटो काढला. छत्तिसाच्या रोलवर एकदोन जास्तीचे निघतात, हे आण्णांकडून ऐकलेलं होतं, त्याच्या भरवशावर. रोल पुढं सरकवायची लिव्हर ओढून बघितली असती तर निघतो की नाही ते तिथंच कळलं असतं. मी ओढली नाही.

तो पांढरा दिवा त्यांच्याच अंगणात होता. फोटोवाल्याला उजेड लागेल म्हणून कुणाच्या तरी गिरणीतून मोठा बल्ब आणून त्यांनी तो कडुलिंबाला टांगला होता. माणसं बसून होती. विधी करायला आलेले स्वामी पुटपुटत होते की दिवस गेला, फोटोपायी माणसाला ताटकळत ठेवलंय. कुणी मला रागावलं नाही. उलट एका बाईनं पाणी आणून दिलं, घाट चढून आलाय लेकरू, म्हणाली. चप्पल मी दारातच काढली, गल्लीच्या तोंडाशी काढायची विसरलो होतो.

गेलेले अज्जा भिंतीला टेकून बसले होते. महानंदाअक्का त्यांच्या डावीकडं बसली. चाळिशीची असेल. अज्जांची मान सारखी पुढं येत होती म्हणून तिनं पटक्यामागून हात घालून ती धरली होती. बाकीचे दाटीवाटीनं भोवती बसले. मी फ्लॅश सुरू केला, तो किणकिणू लागला, आणि त्या आवाजाखाली मी लिव्हर ओढली. ती पाव इंच सरकली आणि अडली. परत ओढली. रोल संपला होता, जास्तीचा एकही नव्हता.

सगळे माझ्याकडं बघत होते. लहान मुलंसुद्धा हलत नव्हती. मी बोलायला हवं होतं. मुखेडला परत जाऊन दुसऱ्या फोटोवाल्याकडून रोल आणणं, गावात कुणाकडं कॅमेरा आहे का विचारणं, काहीतरी झालंच असतं, ज्यांनी इतका वेळ वाट पाहिली त्यांनी आणखी पाहिली असती. फ्लॅशचा लाल ठिपका पेटला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंगठ्यानं मागचं बटण दाबलं. अंगण लख्ख झालं. मग जागा बदलून परत दाबलं. चार वेळा दाबलं, कारण आण्णा चार काढायचे.

“मी बी आले का त्यात?” अक्कानं विचारलं. तिचा हात अजून मानेमागं होता.

“आलात, अक्का.”

घरी आलो तेव्हा आण्णा जागेच होते. नीट झालं का, त्यांनी विचारलं. झालं, मी म्हणालो. अव्वानं फडकं मागून घेतलं आणि सगळं खाल्लंस म्हणून तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोल नांदेडला गेला. चार दिवस मी जेवलो, झोपलो, कॉलेजला गेलो. रोज वाटायचं, आज सांगू. वाटेत पार्सल हरवावं असंही वाटायचं.

पार्सल आण्णांनीच फोडलं. काचेच्या टेबलावर ते पत्ते मांडावेत तसे फोटो मांडत गेले. आधी एका लग्नाचे सव्वीस. मग डोंगर, मग डोंगर, मग डोंगर. अव्वा पिठाच्या हातानं पडद्याआडून आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. “अगं बाई, हे कुठलं रे? काय रंग हाय बघा की,” ती म्हणाली. आण्णांनी दहाही फोटो परत एकदा पाहिले, शेवटचा उलटा करून पाहिला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “फ्लॅश मारलास?”

“हाव.”

“खालीच?”

“हाव.”

त्यांनी फोटो गोळा करून पाकिटात घातले. मला मार खायचा होता. एकोणीस वर्षांच्या पोराला मारत नाहीत हे माहीत असूनही खायचा होता. ते एवढंच म्हणाले, “मीच शिकवलं तुला ते.”

आठवड्यानं महानंदाअक्का आली. उतरत्या उन्हात एस.टी.तून उतरून विचारत विचारत आली होती. तिचा आवाज ऐकून मी पडद्यामागं गेलो. आण्णांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हात जोडले. पडद्याच्या शिवणीतून मला त्यांचे जोडलेले हात दिसत होते. अक्का, रोलच खराब निघाला, ते म्हणाले, रोल मी घातलेला, चूक माझी आहे. तिनं आवाज चढवला नाही. थोडं काहीतरी आलं असेल की, म्हणाली, निम्मा तरी आला असेल, मला निम्मा चालतो. नाही म्हटल्यावर ती उठून गेली. नंतर एकदा ती परत आली, रोल दुसऱ्या कुठल्या औषधात धुता येतो का हे विचारायला. तेव्हाही मी त्याच बर्फामागं उभा होतो. डोंगरापलीकडच्या गावांतून आण्णांना त्या कामाचं बोलावणं परत कधी आलं नाही. आणि आण्णांनी लग्नात खाली फ्लॅश मारणं बंद केलं. रोल न्हाई, असं तोंडावर सांगायचे. मास्तर लई मिजास करूलालेत, असं लोक म्हणायचे. त्यांना का ते ठाऊक नव्हतं.

मी फोटोवाला झालो नाही. मास्तरकी करतो, नांदेडला राहतो. माझी मुलगी गच्चीवर जाऊन मावळतीचे तीस-चाळीस फोटो एका दमात काढते आणि खाली येईपर्यंत एखादा सोडून सगळे पुसून टाकते. तिला मी कधी अडवलं नाही. फक्त तो दाखवायला आणते तेव्हा मला काहीतरी काम आठवतं.

दोन वर्षांपूर्वी आण्णा गेले. त्यांना बसवलं, पटका बांधला, भाच्यानं मोबाइलवर शेकड्यानं फोटो काढले. दिवस झाल्यावर मी स्टुडिओ आवरायला घेतला. न नेलेल्या फोटोंची पाकिटं आण्णा एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून. तळाशी एक पाकीट होतं. त्यांच्या अक्षरात महानंदाबाईचं नाव, गावाचं नाव, आणि खाली ‘चार फोटो, द्यायचे राहिले’. आत माझे दहा डोंगर होते.

त्यानंतरही जायला मला वर्ष लागलं. गाडीनं गेलो. घाट आता रुंद झालाय, माथ्यावर चहाची टपरी आहे, सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते. मी थांबलो नाही. नवरा गेल्यावर अक्का माहेरी येऊन राहिली आहे हे गावात शिरल्यावर कळलं. तेच अंगण, फरशी नवी. मी मुखेडच्या फोटोवाल्याचा मुलगा, म्हटल्यावर तिनं खाटेवर जागा करून दिली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. नांदेडपासून मी वाक्यं जुळवत आलो होतो. तिनं मला बोलूच दिलं नाही.

“तुमचे आण्णा देवमाणूस,” ती म्हणाली. “रोल खराब झाला म्हणले, सोताच्या माथी घेतलं. पण मला ठाऊक होतं की. उजेड पडला अन् मी दचकले. माझा हात हालला, अप्पांची मान कलली. फोटो माझ्यामुळंच बिघडला. ते बिचारे तोंडावर बोलले न्हाईत.” आपला उजवा हात तिनं थोडा पुढं केला. “आपल्याच बापाची मान दोन मिनटं धरता आली न्हाई बघा.”

जुळवलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नाही. मी म्हणालो, “अक्का, हात हालला नव्हता. कॅमेऱ्यात रोलच नव्हता. मी डोंगरावर थांबून संपवला होता.”

तिला लगेच उमजलं नाही. मग उमजलं. सून चहा घेऊन आली, कप खाटेवर ठेवून उभी राहिली, आणि सासूचा चेहरा बघून आत गेली.

“मग त्यो उजेड?” अक्कानं विचारलं.

“खालीच होता.”

मी पाकीट पुढं केलं. काय म्हणून केलं ते मला आजही सांगता येत नाही. तिनं फोटो एक एक करून बघितले, माणसांचे बघावेत तसे, डोळ्यांपासून लांब धरून. नऊ बघून खाली ठेवले. दहावा तिच्या हातात राहिला. त्यात आकाश पेटलेलं होतं, टेकड्या काळ्या झालेल्या, आणि अगदी खाली, कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका.

“ह्यो आमचा बल्ब हाय न्हवं?”

“हाव, अक्का.”

तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपका बोटाखाली गेला. “हितं बसलो होतो आम्ही,” ती म्हणाली. “अप्पा बी. तुमची वाट बघत.”

तो एक तिनं ठेवून घेतला. बाकीचे घेऊन जा, म्हणाली. चहा गार झाला होता, तो मी सगळा प्यालो. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी माफी मागितलीही नाही. दारापर्यंत आली नाही. मी गाडीत बसलो तेव्हा ती खाटेवर तशीच होती, उजवा हात मांडीवर उताणा.

पाकीट आता माझ्या कपाटात आहे. त्यात नऊ आहेत. आण्णांनी लिहिलेली ओळ मी खोडलेली नाही.